कुटुंबात माणसं किती?

कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जात, तेव्हाही आणि आजही, एक गोष्ट विचारल्याशिवाय राहत नाहीत: कुटुंबात माणसं किती? १९९९ साली हा प्रश्न छापील फॉर्मवर होता, आता फोनच्या पडद्यावर असतो. सहावा महिना लागलेल्या बाईनं तिथं काय लिहायचं, याचं उत्तर दोन्ही काळांत एकच: जन्मलेली माणसं लिहा. आमच्याकडे डोहाळजेवणाला ओटी भरतात ती दोघांची. सरकारी रकान्यात पोटातल्याला जागा नाही. मात्र तो बाहेर आला रे आला की ताबडतोब कळवायचं, नाहीतर पुढं कित्येक वर्षं निस्तरत बसायचं.

हे मी एकदा स्वतः केलं आणि पंचवीस वर्षांनी भाचीला करताना पाहिलं. ती ब्रॅम्प्टनला, मी मिसिसागाला. त्यामुळं २०२४ मध्ये तिचं बाळंतपण आणि तिची फाईल दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत पार पडली. ‘मावशी, तुमच्या वेळी कसं होतं गं?’ असं ती सारखी विचारायची, आणि मी सांगायला लागले की तिचं लक्ष फोनकडं जायचं. म्हणून जरा निवांत लिहिते.

आमचा अर्ज नवऱ्याच्या नावावर होता. तो भोसरीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी एम.कॉम. असले तरी फॉर्मवर त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी. त्या काळी सत्तर गुण लागायचे. शिक्षण, अनुभव, वय, इंग्रजी यांचे गुण ठरलेले असत. पण त्यात दहा गुण असे होते की ते अधिकाऱ्यानं समोर बसवून, माणूस पाहून द्यायचे. हा तिकडं जाऊन टिकेल का, चार लोकांत मिसळेल का, एवढाच त्यामागचा विचार. काहींना मुलाखतीतून सूट मिळे, आम्हाला मिळाली नाही. दोघांनी या, असं पत्र आलं. पाचवा महिना संपत आला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्या लांबचा प्रवास या दिवसांत कशाला? त्याला एकट्याला जाऊ दे.’ पण पत्रात दोघं म्हटलं होतं, म्हणजे दोघं. पुण्याहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत शांतिपथावरच्या कॅनडाच्या उच्चायुक्तालयाच्या फाटकाशी रांगेत उभे राहिलो.

आत एक मध्यमवयीन गोऱ्या बाई होत्या. नवऱ्याला कारखान्यातलं काम, पगार, तिकडं कोण ओळखीचं आहे का, असं सगळं विचारून झालं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. साडीचा पदर मी अंगभर घेतलेला होता, पण लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. कधीची तारीख आहे, असं त्यांनी हसून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फाईलच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, बाळ झालं की जन्मदाखला पाठवा, त्याच्या आधी विमानाचं तिकीट काढू नका. बाहेर आल्यावर नवरा दहापैकी किती मिळाले असतील याचा हिशेब करत होता. माझ्या मनात मात्र एकच होतं: यांना आम्ही तिघं आहोत हे कळलं.

भाचीच्या बाबतीत असं कुणाला काही कळलंच नाही. ती शिकायला म्हणून आली, मग नोकरीला लागली, नवरा मागाहून आला. मुख्य अर्जदार ती. फॉर्मवर अवलंबून असलेला तो. हे पाहून मला झालेला आनंद मी लपवला नाही. १ जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री आली, तेव्हापासून सगळा खेळ आकड्यांचा. बाराशेपैकी गुण, त्यांची यादी, वरून खाली निवड, आणि निवड झाली की साठ दिवसांत अर्ज. निर्णय घेणाऱ्या माणसाचं तोंड तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसलं नाही, आणि त्यालाही तिचं पोट दिसलं नाही. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ते दहा गुण त्या दिवशीच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असत. आमच्या आधी आत गेलेलं एक जोडपं ज्या चेहऱ्यानं बाहेर आलं, तो चेहरा मी विसरलेले नाही. आकडा निदान कुणाचा चेहरा बघून कमी-जास्त होत नाही.

पण आकड्यांचंही एक घड्याळ असतं आणि ते बाईच्या घड्याळाशी भांडतं. जोडीदारासह अर्ज केला की एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे शंभर गुण. तिसावा वाढदिवस झाला की पंच्याण्णव, मग दरवर्षी पाच कमी. इकडं डॉक्टर म्हणतात तिशीच्या आत मूल झालं तर बरं, तिकडं यादी म्हणते तिशीच्या आत अर्ज झाला तर बरं. त्यात कॅनडातल्या कामाच्या अनुभवाचे गुण, आणि बाळंतपणाची रजा अनुभवात धरत नाहीत. म्हणून ही बाई नववा लागेपर्यंत रोज लॅपटॉप उघडून बसली. ‘अगं, पाय सुजलेत तुझे,’ म्हटलं तर म्हणाली, ‘मावशी, अजून तीन आठवडे भरू देत, मग सुजले तरी चालतील.’ आमच्या वेळी पोटुशी बाईचे लाड करायला अख्खं घर असायचं, आणि कामाचे दिवस मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण माझ्या कामाचे गुणच नव्हते. कुठलं बरं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला तिचं बरं वाटतं.

पैशांचं मात्र गमतीचं आहे. १९९९ मध्ये माणशी अर्जाचे पाचशे डॉलर आणि तिथं उतरण्याच्या हक्काचे नऊशे पंच्याहत्तर, मिळून १४७५. २०२४ च्या एप्रिलअखेर दर वाढले तेव्हा दोन्हीचे मिळून १५२५ झाले. पंचवीस वर्षांत पन्नास डॉलर! पण तेव्हा डॉलर तीस रुपयांच्या आतबाहेर होता आणि पगार रुपयांत होता. माणशी चाळीस हजारांच्या वर रक्कम, तीही बँकेचा ड्राफ्ट काढून. वडिलांनी मुदत ठेव मोडली होती. भाचीनं क्रेडिट कार्डाचा नंबर टाकला आणि भाजी परतायला उठली.

मुलाखतीनंतर आमच्या फाईलची काही खबर नव्हती, आणि नसणारच हे आम्ही धरूनच चाललो होतो. विचारायचं कुणाला? सातव्यात मी माहेरी सांगलीला आले. नवरा पुण्यात, पत्र आलं तर तिथल्या पत्त्यावर येणार. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरला की तो बूथवरून फोन करायचा. आधी मी कशी आहे, मग आई कशी आहे, आणि ठेवता ठेवता ‘नाही, काही आलं नाही.’ एवढं झालं की मी झोपायला मोकळी. दिवसभर डिंकाचे लाडू, शेजारच्या काकूंची चौकशी, आईबरोबर संध्याकाळी गणपतीला जाणं. फाईल दिल्लीत होती, बाळ सांगलीत होतं, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. ती तशी पडत नव्हती म्हणून मला ते दिवस गोड वाटतात, असं आता लक्षात येतं.

भाचीची फाईल तिच्या उशाशीच होती. साधारण सहा महिन्यांत निकाल, असं वेळापत्रक जाहीर असतं. आमच्या मानानं हे म्हणजे चमत्कारच. पण ते सहा महिने फोनमध्ये दिसत राहतात. मेडिकल कुठं आहे, पोलिसांच्या दाखल्याचं काय झालं, पार्श्वभूमीची तपासणी सुरू झाली का, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि प्रत्येक ओळीची तारीख. रात्री तीन वाजता बाळाला पाजायला उठली की एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन. मी एकदा रात्री राहायला गेले होते. खोलीत अंधार, आणि तिच्या चेहऱ्यावर तो निळा उजेड. ‘काही झालं का?’ म्हटलं. ‘नाही गं, तेच आहे.’ मग कशाला बघतेस, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझ्या हातात तेव्हा फोन असता तर मीही दुसरं काय केलं असतं?

सगळ्यात मोठी अडचण दोघींची सारखीच निघाली: छातीचा एक्स-रे. कायम वास्तव्याच्या अर्जात अकरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो काढावा लागतो, क्षयरोगासाठी. पोटुशी बाईला तो बाळंतपणानंतर काढायची मुभा असते. पण तोवर तिचं मेडिकल अर्धं राहतं, आणि एकीचं अर्धं राहिलं की सगळ्या घराची फाईल अडून बसते. आमचं मेडिकलचं पत्र मला आठवा लागताना आलं. आई म्हणाली, ‘फोटोबिटो काही काढायचा नाही, बाळ होऊ दे.’ वडिलांनी तसं पत्र लिहून रजिस्टर पोस्टानं दिल्लीला धाडलं.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं, आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, आणि ते नाव मग वडील महानगरपालिकेत नोंदवायला गेले. सांगली-मिरज-कुपवाड मिळून महानगरपालिका होऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. दाखला मराठीत, म्हणून तो इंग्रजीत करून नोटरीचा शिक्का. मग फोटो. तान्ह्या मुलीचा फोटो कसा काढायचा हे गणपती पेठेतल्या त्या स्टुडिओवाल्यालाही नीट माहीत नव्हतं. पांढऱ्या चादरीवर तिला उताणं निजवलं, तो स्टुलावर चढला. मान सरळ हवी, डोळे उघडे हवेत, कुणाचा हात दिसता कामा नये. आणि आईनं गालावर रुपयाएवढी तीट लावलेली! ‘आज्जी, ही पुसावी लागेल, परदेशाचं काम आहे.’ आई अडून बसली. एवढ्या लख्ख दिव्याखाली, परक्या माणसापुढं, तीट पुसायची म्हणजे काय? शेवटी तडजोड झाली. गालावरची पुसली आणि तळपायाला लावली. फोटोत पाय येत नव्हते.

सव्वा महिना झाल्यावर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो: मी, आई आणि कुंचीत गुंडाळलेली मुलगी. नवरा पुण्याहून परस्पर आला. त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांनी बाळाला फक्त तपासलं, वजन केलं, छातीला नळी लावली; लहानग्यांना एक्स-रे नसतो, रक्तही काढत नाहीत. मी एक्स-रेच्या खोलीत जाताना आईनं डॉक्टरांना दारातच गाठलं: हिच्या दुधावर काही होणार नाही ना? नाही म्हणून त्यांनी सांगितलं. तरी त्या दिवशी दुपारी मी पाजायला घेतलं तेव्हा आई माझ्याकडं अशी बघत होती की जणू दुधाचा रंग बदलेल. एक्स-रेची फिल्म मोठ्या पाकिटातून दिल्लीला गेली. त्या पाकिटावर ‘वाकवू नये’ असं लिहिलेलं होतं ते अजून डोळ्यांपुढं आहे.

भाचीला मेडिकल करायचा निरोप पोटुशी असतानाच आला. तिच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून सगळं संगणकावरूनच पाठवलं, एक्स-रे पुढं ढकलला, आणि तिनं वेबफॉर्ममध्ये चार ओळी लिहून कारण कळवलं. बाळंत झाल्यावर काही आठवड्यांनी एक्स-रे. ती घरी पोचायच्या आत तो जिथं जायचा तिथं गेला होता. वाकायला फिल्मच नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर एक्स्प्रेस एंट्रीत मेडिकल अर्ज भरण्याच्या आधीच करून घ्यावं लागतं. म्हणजे आता ज्या मुलींना दिवस गेलेले असतील त्यांना एक्स-रेचं काय करायचं हा विचार त्या साठ दिवसांच्या आतच करायचा. कुणा टेबलामागच्या माणसाला ही गोष्ट सुचली असेल असं मला वाटत नाही.

बाळाची बातमी कळवायची, यात मात्र तेव्हाही सूट नव्हती आणि आताही नाही. २००२ च्या नियमांतलं कलम ११७ इथं राहणाऱ्या जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. अर्ज चालू असताना मूल झालं आणि ते कळवलं नाही, त्याची तपासणी झाली नाही, तर पुढं त्या मुलाला आपल्या कुटुंबातलं म्हणून बोलावता येत नाही. कितीतरी लोकांनी फाईल लांबेल या भीतीनं गप्प राहून मूल आजी-आजोबांकडं ठेवलं, की दोन-चार महिन्यांनी आणू, आणि मग ते चार महिने संपेनात. २०१९ च्या सप्टेंबरपासून अशा काही जणांना सवलत मिळायला लागली, पण तीही ठरावीक लोकांनाच. म्हणून दिल्लीतल्या त्या बाई पेन्सिल हातात असताना जे वाक्य बोलल्या, त्याची किंमत मला नंतर कळत गेली. फॉर्मसोबतच्या माहितीत तेच लिहिलेलं होतं, पण तोंडानं सांगितलेलं लक्षात राहतं.

भाचीच्या मुलाचा प्रकार याहून न्यारा. तो ओंटारियोत जन्मला, म्हणजे जन्मतःच कॅनडाचा नागरिक. आई-बाप वर्क परमिटवर, फाईल अर्धवट, आणि पाळण्यातला साहेब पक्का कॅनेडियन! त्याला अर्जात आपल्याबरोबरचा म्हणून घ्यायचं कारण नाही, फी नाही, मेडिकल नाही. पण कुटुंबात मात्र त्याला दाखवायचाच. माझी मुलगी आमच्या मागं रांगेत उभी राहिली. हा आधी आत जाऊन बसला आणि आई-बाप बाहेर. भाचीनं हे आपल्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, ‘मग त्यालाच सांग ना तुमच्यासाठी अर्ज करायला.’

नावाची घाई तिलाही होतीच. इथं जन्म झाल्यापासून तीस दिवसांत नोंद करायची, आणि ती नावासकट. ऑनलाइन एकाच अर्जात जन्मनोंद, दाखला आणि सामाजिक विम्याचा नंबरसुद्धा. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. सांगली, नाशिक, पुणे, सगळे चौकोनांत. नाशिकच्या आत्यानं कुर्रर्र केलं आणि भाचीच्या नवऱ्यानं फोनचा स्पीकर बाळाच्या कानाला लावला. बाळ दचकून रडायला लागलं. बाकीचं मात्र नीट जुळवलं होतं: अळीव आणि डिंक ब्रॅम्प्टनच्या दुकानात मिळतात, शेपाही मिळते. शेकशेगडी तेवढी नाही. इथल्या धुराच्या घंटा लगेच बोंब मारतात.

ताई यायची होती ती व्हिजिटर व्हिसावर. सुपर व्हिसा कायम रहिवाशांच्या नाहीतर नागरिकांच्या आईवडिलांना मिळतो, आणि मुलगी अजून त्यातली नव्हती. त्यामुळं ताईच्या व्हिसाच्या कागदांत भाचीच्या डॉक्टरांचं पत्र, त्यात बाळंतपणाची तारीख. सरकारला पोटातलं बाळ जेव्हा दिसायला हवं तेव्हा दिसतं, असं माझं मत झालेलं आहे. ताई येईपर्यंत अळिवाची खीर, तेल-पाणी, रात्रीचं जागरण हे मावशीनं पाहिलं. माझं बाळंतपण ज्या आईनं केलं तिचे काढे मला तोंडपाठ होते. भाचीला ते प्यायला लावणं वेगळी गोष्ट.

आम्ही २००० सालच्या मार्चमध्ये टोरांटोच्या विमानतळावर उतरलो. व्हिसाची मुदत मेडिकलच्या तारखेपासून वर्षभराची, त्यामुळं उन्हाळ्यात मुलगी जरा मोठी झाल्यावर जाऊ असं म्हणणाऱ्यांचं फार ऐकता आलं नाही. नवऱ्याला तिकडच्या नोकरीचीही घाई होती. बर्फ अजून होतं. इमिग्रेशनच्या टेबलाशी तिघांचे तीन कागद, मुलीचा तिचा स्वतंत्र. अधिकाऱ्यानं तिचं नाव दोनदा उच्चारून पाहिलं, सोडून दिलं, आणि कागद पासपोर्टाला टाचून दिला. त्या एका पांढऱ्या कागदावर आमचं सगळं भवितव्य होतं. प्लास्टिकचं कार्ड २००२ मध्ये आलं. ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमा तेव्हा पहिले तीन महिने मिळत नसे, २०२० पर्यंत तसंच होतं. तान्ह्या मुलीला घेऊन ते तीन महिने आम्ही ज्या धास्तीत काढले त्यात गोड असं काही नव्हतं. मुलीला ताप आला की नवरा आधी पाकीट चाचपायचा. आमच्या वेळी सगळं छान होतं, असं कुणी म्हणालं की मी हे आवर्जून सांगते. भाचीचं बाळंतपण पहिल्या तपासणीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सरकारी विम्यात झालं, आणि बाळंतपणाच्या रजेचा भत्ताही तिला मिळाला, पीआर, म्हणजे कायम वास्तव्य, हातात नसताना.

तिचं पीआर झालं ते एका मंगळवारी, वरण शिजत असताना. पोर्टलवर आपण कॅनडात आहोत असं कबूल करायचं, फोटो चढवायचा. काही दिवसांनी कागद आला. ताईनं विचारलं, ‘झालं? कुणी काही विचारलं नाही?’ भाची म्हणाली, ‘कोण विचारणार?’ ताईला ते पटेना. एवढं मोठं काम, आणि कुणी समोर बसवून एक प्रश्न नाही? तिनं साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

आता पुढचा घोळ सुरू झालाय. बाळाचं जावळ सांगलीला, कुलदैवताला जाऊन काढायचं असं ताईचं ठरलंय. पण नातू कॅनडाचा नागरिक, त्याला भारतात जायचं तर ओसीआय कार्ड हवं नाहीतर व्हिसा. त्यासाठी पुन्हा आई-बापांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, त्याचा जन्मदाखला, आणि फोटो. गेल्या रविवारी मॉलमधल्या दुकानात त्याला पांढऱ्या कापडावर बसवलं होतं. मान सरळ, डोळे उघडे, कुणाचा हात नको. ताईनं जाताना तीट लावलीच होती, आणि दुकानातल्या पोरानं ओला रुमाल पुढं केला.